आधी रनर बघा, मग चेन
वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे : बॅगशिवणी

जूनमध्ये शाळा उघडतात, म्हणून दप्तरं शिवणाऱ्यांची पत्रं आमच्याकडे फेब्रुवारीपासूनच यायला लागतात. यंदा त्यातली निम्म्याहून अधिक चेनबद्दल होती. सारखे प्रश्न एकत्र करून, थोडक्यात मांडून उत्तरं देत आहोत. बाजारात झिपला ‘चेन’ आणि तिच्यावर पुढे-मागे सरकणाऱ्या तुकड्याला ‘रनर’ म्हणतात, आम्हीही तेच म्हटलं आहे.

प्रश्न : आमच्या बचत गटाला पहिल्यांदाच ३०० दप्तरांची ऑर्डर मिळाली आहे. कापड ६०० डेनियरचं (डेनियर म्हणजे धाग्याच्या जाडीचं माप) पॉलिस्टर. दुकानदार म्हणतो, सगळे पाच नंबरची चेन लावतात, तुम्हीही तीच घ्या. आठ नंबर महाग पडते. कोणती घ्यावी आणि किती घ्यावी? (सातारा)

मुख्य कप्प्याला आणि दुसऱ्या मोठ्या कप्प्याला आठ नंबर घ्या. पुढच्या लहान खिशाला पाच नंबर पुरते.

नंबर म्हणजे चेन बंद असताना दात्यांची जी रुंदी भरते, ती साधारण मिलिमीटरमध्ये. काटेकोर माप समजू नका. पाच नंबरची कॉइल, म्हणजे वेटोळ्या तारेच्या दात्यांची चेन, मोजली तर सहाच्या आसपास भरते, आणि दोन कारखान्यांच्या आठ नंबरमध्येही केसभर फरक निघतो. तीन नंबर कपड्यांची आणि पाउचची, पाच नंबर पर्सची आणि आतल्या खिशांची, आठ नंबर दप्तराची आणि लॅपटॉप बॅगेची, दहा नंबर मोठ्या सॅकची आणि प्रवासी बॅगेची, असा ढोबळ हिशेब धरा.

दुकानदार खोटं बोलत नाही, पाच नंबर खरंच पुष्कळजण लावतात. पण चेनवर ताण येतो तो दप्तराच्या वजनाने कमी आणि फुगवट्याने जास्त. दप्तराचं वजन मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त नसावं, असं केंद्राच्या २०२० च्या दप्तर धोरणात आहे. ते पाळलं तरी डबा, बाटली आणि वरून कोंबलेला रेनकोट यांनी कप्पा फुगतोच. मूल काही दोन्ही काठ हाताने जवळ आणून चेन लावत नाही, रनरलाच धरून खेचतं. म्हणजे दात्यांत दाते बसवण्याबरोबर दोन काठ ओढून आणायचं कामही रनरवर पडतं. पाच नंबरचा रनर यात काही महिन्यांत फाकतो. आठचा जाडजूड असतो, तो तग धरतो.

आता मोजमाप. दप्तर साधारण ४५ सेंटिमीटर उंच, ३० रुंद आहे आणि मुख्य चेन दोन्ही बाजूंना ३०-३० सेंटिमीटर खाली उतरते असं धरू. मुख्य कप्पा : ३० + ३० + ३० = ९०, अधिक दोन्ही टोकांना शिवणीत जाणारे ३-३, एकूण ९६ सेंटिमीटर. दुसरा कप्पा ७०. पुढचा खिसा ३२. म्हणजे आठ नंबर दप्तरामागे १६६ सेंटिमीटर, ३०० दप्तरांना ४९८ मीटर. पाच टक्के वाढीव धरा, कारण रोलमध्ये जोड निघतात आणि पहिल्या दिवशी काही तुकडे कापताना चुकतात. तेव्हा ५२५ मीटर मागवा. पाच नंबर ९६ मीटर लागते, १०० घ्या. रनर आठ नंबरचे कप्प्याला दोन, दप्तरामागे चार, म्हणजे १२००, मागवा १२५०. पाच नंबरचे ३१०. उरलेले रनर टाकून देऊ नका. सहा महिन्यांनी पहिलं दप्तर दुरुस्तीला येईल तेव्हा त्याच कारखान्याचा रनर हाताशी हवा.

प्रकार कॉइलचाच घ्या. बाजारात हिला नायलॉन चेन म्हणतात, आतली तार बहुधा पॉलिस्टरची असते. कॉइल वळणावर सहज वळते. ताणाने मधेच उघडली तर रनर मागे नेऊन पुन्हा पुढे आणला की जागेवर येते. सुट्या प्लास्टिक दात्यांच्या चेनचा एक दाता गेला की सगळी चेन बदलावी लागते. पैसे वाचवायचेच असतील तर आतल्या खिशाची चेन काढून तिथे वेल्क्रो लावा.

प्रश्न : चेनचा रोल घेताना दुकानात उभ्या उभ्या काय तपासता येतं? दोन-तीन ठिकाणचे नमुने आणले, सगळे सारखेच दिसतात. (पुणे)

सगळ्यात कामाचा प्रश्न हाच, म्हणून सविस्तर.

प्रत्येक दुकानातून एक मीटर चेन आणि तिच्यावर बसणारे दहा रनर विकत आणा. फुकट मिळालेला वीतभर तुकडा उपयोगाचा नाही.

चेन बंद करून टेबलावर मोकळी ठेवा. ती सरळ पडली पाहिजे. सापासारखी नागमोडी झाली किंवा एका बाजूला धनुष्यासारखी वाकली, तर चेनच्या दोन कापडी पट्ट्या सारख्या ताणाने विणलेल्या किंवा शिवलेल्या नाहीत. अशी चेन सरळ कापडावर कितीही नीट शिवा, बॅगेला लाटा येणारच. मग उलट्या बाजूने कॉइलवरची शिवण बघा. कॉइल पट्टीला दोऱ्याने शिवलेली असते आणि कॉइलच्या पोटातून एक दोरा जातो. टाके एकसारखे हवेत, एकही सुटलेला नको. नखाने कॉइल खरवडून पाहा. शिवण ढिली असेल तर कॉइल पट्टीवर हलते. बॅगेत ती अशीच हलते आणि नेमकी वळणावर उसवते.

आता बंद चेन उलट्या बाजूला, म्हणजे दाते बाहेर येतील अशी, बोटावर घट्ट दुमडा. चांगल्या कॉइलमध्ये फट दिसत नाही. सुमार चेनमध्ये वेटोळी एकमेकांपासून सुटून उजेड दिसतो.

यानंतर रनर. चेन बहुतेक बॅगांमध्ये शेवटपर्यंत धड राहते, आधी जातो तो रनर. तरी भाव करताना लोक चेनचा मीटरमागचा दर पैशापैशाने घासतात आणि रनर ‘कुठलेही द्या’ म्हणतात. हे उलटं व्हायला हवं. दहा रनर स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर ठेवा आणि दुसऱ्या दुकानाच्या, तशाच पुलरच्या (रनरला लटकणाऱ्या, धरून ओढायच्या तुकड्याच्या) दहा रनरशी वजन ताडून बघा. फरक चांगला जाणवण्याएवढा असला तर हलक्यात धातू कमी घातलेला आहे. रनरच्या कडेवरून बोट फिरवा. ओतकामाची चोच राहिली असेल तर ती पट्टीचे धागे कातरते. पुलर ज्या कमानीत अडकतो ती कमान बघा. दप्तराचा रनर तुटतो तो बहुतेक वेळा इथेच, कारण मुलं दप्तर पुलरला धरून उचलतात. कमान दोन्ही टोकांना अंगात मिसळलेली हवी, एका टोकाला नुसती टेकलेली नको. लोहचुंबकही लावून बघा. जस्ताच्या मिश्रधातूचा ओतीव रनर चिकटत नाही. ऑटोलॉक, म्हणजे पुलर आडवा पडला की आपोआप अडकणारा रनर, त्याच्या आत पोलादी स्प्रिंग असते, म्हणून तो किंचित ओढला जातो. सबंध रनर टपकन चिकटला तर तो पत्र्याचा.

मग रनर चेनवर चढवून चालवा. वीस सेंटिमीटरचा तुकडा पाटाला दोन खिळ्यांनी ताणून बसवा आणि ५०० वेळा पुढे-मागे करा. कंटाळवाणं आहे, पण अर्ध्या तासात आटोपतं. शेवटी रनर पहिल्यापेक्षा गुळगुळीत चालायला हवा. खाली काळी भुकटी पडली किंवा पुलर लडबडायला लागला, तर तो नमुना बाद.

शेवटची चाचणी आडव्या ताणाची. बंद चेनच्या दोन्ही पट्ट्यांना २५ मिलिमीटर रुंद जबड्याच्या चिमट्यांनी पकडा. एक चिमटा टेबलाला घट्ट करा, दुसऱ्याला सामान तोलायचा हूकवाला काटा लावा आणि हळूहळू ओढा. आकडा लिहाच, पण सुटलं कुठे तेही लिहा. पट्टी फाटली तर कॉइल पट्टीपेक्षा मजबूत होती, हे चांगलं. कॉइल दोऱ्यातून उसवली तर शिवण कच्ची. कॉइल न उसवता दातेच सुटले तर कॉइलचा आकार बरोबर नाही. नुसत्या आकड्याला अर्थ नाही. खात्रीच्या एखाद्या जुन्या बॅगेची त्याच नंबरची चेन आधी ओढून तो आकडा माप म्हणून धरा.

रंगासाठी पांढरं ओलं फडकं पट्टीवर दहा-बारा वेळा घासा. लाल आणि काळी चेन इथेच उघडी पडते.

प्रश्न : दुरुस्तीला येणाऱ्या दप्तरांत एकच तक्रार : रनर पुढे जातो, पण मागे चेन उघडीच राहते. चेन बदलायला गिऱ्हाईक तयार नसतं. (नांदेड)

चेन बदलायची गरज बहुधा नसते. रनरच्या शेपटाकडे वरची आणि खालची पाती असतात. त्यांच्यातली फट झिजून किंवा ताणाने वाढली, की दाते एकमेकांत दाबले जात नाहीत. दोन-तीन दशांश मिलिमीटरचा फरकही पुरतो. नवा रनर शेजारी धरला की डोळ्यांनी दिसतो.

तात्पुरता उपाय तुम्हाला ठाऊक असेलच : पकडीने शेपटाची डावी कड आणि उजवी कड, दोन्ही थोडी थोडी दाबायची, मधे नाही. एकदा दाबा, चालवून बघा, मग पुन्हा. जस्ताचा रनर एका दमात दाबला तर तडकतो. दाबलेला रनर किती दिवस चालेल याचा भरवसा देऊ नका. झिजलेला धातू काही परत येत नाही.

कायमचा उपाय नवा रनर. इथे नंबर जुळला म्हणून काम झालं असं नाही. कॉइलचा, प्लास्टिक दात्यांचा आणि धातूच्या चेनचा रनर आतून वेगवेगळा असतो, तिघांच्याही पाठीवर आठच लिहिलेलं असलं तरी. नंबर बहुधा रनरच्या पाठीवर कोरलेला असतो, पुलरवरच्या नक्षीवर जाऊ नका. उलटी कॉइल, म्हणजे दाते आत आणि सपाट बाजू वर, अशी चेन असेल तर तिचाच रनर लागतो. साधा चढवलात तर पुलर बॅगेच्या आत येईल.

नवा रनरही आठवडाभरात तसंच करू लागला तर शिवण बघा. टाका दात्यांच्या फार जवळ असेल तर रनरचं अंग कापडाला घासत जातं आणि पाती फाकतात. तो दोष शिवणाऱ्याचा, रनरचा नव्हे.

प्रश्न : शिवताना चेन लाटा मारते, विशेषतः वरच्या गोल कोपऱ्यांवर. (इचलकरंजी)

कोपऱ्याची त्रिज्या किती ठेवली आहे? आठ नंबरला सहा सेंटिमीटरच्या खाली जाऊ नका. बारा सेंटिमीटर व्यासाचं गोल भांडं ठेवून कोपरा आखलात तरी चालेल, लहान वाटी नको. वळणावर कापडाच्या शिवणकाठाला पाच-पाच मिलिमीटरचे छेद द्या, एकमेकांपासून सेंटिमीटरभर अंतरावर. चेनच्या पट्टीला कात्री लावू नका.

टाका दात्यांच्या कडेपासून तीन ते चार मिलिमीटरवर हवा. त्याहून जवळ गेला तर रनर अडतो. लांब गेला तर कापडाचा काठ दात्यांत शिरतो. मशीनला एका बाजूचा चेन-फूट, म्हणजे कापड दाबणारा अरुंद पाय, लावा. साध्या फूटने सुई कॉइलवर चढते, कॉइल शिवणारा दोरा तुटतो आणि चेन त्या जागी दोन महिन्यांनी उसवते. शिवताना हे अजिबात दिसत नाही. दोरा बॉन्डेड नायलॉनचा, सुई १८ नंबर, इंचाला सात-आठ टाके. उलटून वरून दुसरी शिवण जरूर घाला.

लाटांचं मुख्य कारण मात्र वेगळंच असतं. मशीनचे दात खालचं कापड जास्त ओढतात आणि चेन मागे राहते किंवा ताणली जाते. चेनवर आणि कापडावर दर दहा सेंटिमीटरला खडूची खूण करा आणि खुणेला खूण जुळवत शिवा. दुसरी बाजू शिवण्याआधी चेन बंद करून समोरच्या पट्टीवरही त्याच खुणा उतरवा. हे न केल्यामुळे बॅगेचा एक खांदा वर आणि एक खाली अशी दप्तरं ढिगाने दिसतात.

टोकांना शेवटच्या दोन सेंटिमीटरमधली कॉइल काढून टाका, म्हणजे शिवणीत गाठ येत नाही आणि सुई मोडत नाही. टोक कापडी पट्टीने झाका. दोन रनर चढवताना नाकासमोर नाक ठेवा : ज्या बाजूला दोन खाचा ती बाजू एकमेकांकडे. उलटे बसले तर रनर जवळ आणल्यावर मधे बंद आणि बाहेर सताड उघडं.

प्रश्न : कोकणातल्या पावसासाठी लॅपटॉप बॅगा करायच्या आहेत. ‘वॉटरप्रूफ’ चेन लावली की पुरेल ना? (रत्नागिरी)

नाही. दुकानात त्या नावाने जी मिळते ती उलटी कॉइल असते, वर पीयूचा, म्हणजे पॉलियुरेथेनचा, पातळ थर चढवलेला. थराच्या दोन कडा मधोमध भिडतात आणि पाणी ओघळून जातं. सरी अडतात, तासभराचा मुसळधार पाऊस अडत नाही. पाणी रनरखालच्या फटीतून, चेनच्या टोकांतून आणि सगळ्यात जास्त तुम्हीच पाडलेल्या सुईच्या भोकांतून आत येतं. खरोखर पाणी अडवणारी चेन वेगळी असते. ती शिवत नाहीत, कापडाला उष्णतेने चिकटवतात. तिचा खर्च आणि यंत्र लहान कारखान्याच्या आवाक्यातलं नाही.

साधी उलटी कॉइल आणि तीन सेंटिमीटर रुंद झाकपट्टी, वरून खाली पडणारी, हे स्वस्तात जास्त काम करतं. झाकपट्टीच्या कडेत पाइपिंग घाला, नाहीतर ती रनरमध्ये अडकते. चेन संपते तिथे कापडाचा छोटा खिसा शिवा, रनर बंद झाला की त्यात जाऊन बसेल. आतून शिवणीला टेप लावा. बॅगेबरोबर रेनकव्हर द्या आणि ‘वॉटरप्रूफ’ ऐवजी ‘पावसाची सर झेलणारी’ लिहा. तक्रारी कमी येतील.

थराची चेन घेतलीच तर ती घडी घालून साठवू नका, घडीवर थर तडकतो. इस्त्री तर लांबच ठेवा. तिचा रनर मुळातच घट्ट चालतो, म्हणून चेनचं टोक धरायला कापडी पट्टी द्या. आणि समुद्राकाठी मुलाम्याचे चकचकीत रनर घेऊ नका. खाऱ्या हवेत मुलामा उडतो आणि खालच्या जस्तावर पांढरी भुकटी येते. रंग चढवलेले बरे.

प्रश्न : पुलरवर वायकेके लिहिलंय म्हणजे माल अस्सल समजायचा का? (धारावी, मुंबई)

पुलर वेगळे विकत मिळतात, आणि अक्षरं कोरणं कठीण नाही. तादाओ योशिदा यांनी १९३४ साली जपानमध्ये सुरू केलेल्या, चेन बनवणाऱ्या कंपनीच्या नावातली, योशिदा कोग्यो काबुशिकिगाइशा यातली, ती आद्याक्षरं आहेत. नाव मोठं, म्हणून नक्कलही भरपूर. अधिकृत विक्रेत्याचं पक्कं बिल नसेल तर अक्षरांना किंमत देऊ नका. गिऱ्हाइकाला अमुकच चेन लावतो असं सांगितलं असेल तर बिल हवंच. तसं वचन दिलेलं नसेल तर वरच्या चाचण्यांत उतरणारी, नाव नसलेली चेनही चांगलीच. फक्त चेन एका कारखान्याची आणि रनर दुसऱ्याचा, असं करू नका. ‘बसतो ना’ एवढ्यावर समाधान मानलं की नांदेडच्या वाचकांकडे गिऱ्हाइकं वाढतात.

प्रश्न : ऑटोलॉक रनर चांगला की साधा? (जळगाव)

बॅगेला साधा. ऑटोलॉकची आतली खीळ पुलर आडवा पडला की दात्यांत रुतते. पँटला ते हवं असतं. बॅगेत मात्र मूल पुलर न उचलता कप्प्याचे दोन्ही काठच ताणून उघडायला बघतं, मग खीळ कॉइल ओरबाडते. कॉइलचं घर्षण बॅग बंद ठेवायला पुरतं. धातूच्या पुलरऐवजी तीन मिलिमीटरची दोरी ओवा, गाठ कमानीपासून बोटभर लांब मारा आणि टोकं मेणबत्तीवर वितळवा. खडखड थांबते आणि कमानीवरचा झटकाही कमी होतो.

प्रश्न : कॅनव्हास बॅगेला पितळी चेन शोभेल का? (कोल्हापूर)

शोभेल, पण बाहेरच्या सरळ खिशाला. मुख्य कप्प्याला लावली तर ती वळणावर अडते, दाते अस्तर कातरतात आणि पावसाळ्यात कॅनव्हासवर हिरवट डाग उतरतात.

प्रश्न : ट्रेकच्या सॅकची चेन लाल मातीने जाम झाली. तेल घालावं का? (महाड)

तेल नको. तेलाला माती चिकटते आणि ती रनरमध्ये कानशीसारखी काम करते. कोमट पाण्यात थोडी धुण्याची पावडर, जुना टूथब्रश, आणि चेन उघडी ठेवून दोन्ही पट्ट्यांचे दाते वेगवेगळे घासा. रनरच्या पोटात ब्रश जात नाही, तिथे पाण्याची धार सोडा. सावलीत पूर्ण वाळू द्या. मग पांढऱ्या मेणबत्तीचं टोक दात्यांवरून एकदा फिरवून रनर दहा-बारा वेळा चालवा आणि जास्तीचं मेण फडक्याने पुसा. पीयूच्या थराच्या चेनला मेण नको, तिला सिलिकॉनचा हलका हात द्या.